गणपतीची आरती कोणाच्या मालकीची?

भोपाळच्या तुलसी नगरात माझी मावशी राहते. मावसभावाने गेल्या गणपतीत घरच्या आरतीची चित्रफीत मोबाइलवर घेऊन यूट्यूबवर टाकली. पेटीवर मावशी, झांजा मुलांच्या हाती, आणि मधूनच आजोबांचा चढा सूर. दुसऱ्या दिवशी सूचना आली की, या चित्रफितीतील संगीत अमुक कंपनीच्या मालकीचे आहे. जाहिरातींचे उत्पन्न झाल्यास ते कंपनीला जाईल. मावशी म्हणाली, "आरती समर्थांची, पेटी माझी. मग कंपनीचे काय?"

प्रश्न रास्त आहे. आपल्या १९५७ च्या कायद्याप्रमाणे कवीचा स्वामित्वहक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. (१९९२ पूर्वी ही मुदत पन्नास वर्षे होती, रवींद्रनाथांच्या साहित्याची मुदत संपत आली, तेव्हा ती वाढवण्यात आली.) समर्थ सतराव्या शतकातले. आपल्या कानडी विभागातील मित्रांना जवळचे असलेले पुरंदरदास त्यांच्याही आधीचे. त्यांची पदे कोणीही गावीत. मात्र एखाद्या गायकाने गाऊन कंपनीने काढलेल्या ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा. तो प्रकाशनापासून साठ वर्षे. म्हणजे मुद्रण कंपनीचे, आरती सर्वांची.

घोटाळा होतो तो इथे. २००७ पासून यूट्यूबकडे 'कंटेंट आयडी' नावाची यंत्रणा आहे. कंपन्या आपली मुद्रणे तिच्याकडे देतात, आणि यंत्र प्रत्येकाचा जणू अंगठ्याचा ठसा घेऊन ठेवते. नवी चित्रफीत आली की तिचा ठसा या साठ्याशी ताडून पाहायचा. जुळला की दावा. मग चित्रफीत बंद करायची, जाहिरातींचे पैसे घ्यायचे, की नुसती नजर ठेवायची, हे कंपनी ठरवते. यंत्राला सूर ओळखता येतो. तो सूर मुळात कोणाचा, हे त्याला कोण सांगणार? दोन घरांत एकाच चालीत म्हटलेली आरती एकमेकींसारखी वाटणारच!

हे आपल्याकडेच घडते असे नाही. पियानोवादक जेम्स ऱ्होड्स यांनी २०१८ मध्ये बाखची रचना स्वतः वाजवून फेसबुकवर टाकली, तर त्यातील ४७ सेकंदांवर सोनी म्युझिकचा दावा आला. बाख वारला १७५० साली! ऑस्ट्रेलियाचे सेबॅस्टियन टॉमचाक यांची तऱ्हा आणखी न्यारी. त्यांनी दहा तासांची नुसती खरखर तयार करून यूट्यूबवर ठेवली होती. तिच्यावर पाच दावे लागले. खरखरीलाही मालक निघाले!

२०२१ च्या पहिल्या सहामाहीत यूट्यूबवर असे बहात्तर कोटींवर दावे झाले. हरकत घेतली गेली शेकडा एकाहूनही कमी दाव्यांना. पण घेतलेल्या हरकतींपैकी सुमारे साठ टक्क्यांचा निकाल चित्रफीत टाकणाऱ्याच्या बाजूने लागला. उरलेले सगळे दावे खरे होते म्हणून लोक गप्प बसले, असे मला वाटत नाही. भीती असते. हरकत फेटाळली गेली आणि प्रकरण पुढे नेले, तर कंपनी रीतसर तक्रार करून चित्रफीत काढायला लावू शकते. नव्वद दिवसांत अशा तीन तक्रारी उभ्या राहिल्या की खातेच बंद होऊ शकते.

मावसभाऊही चित्रफीत पुसायलाच निघाला होता. पण आजोबा फाल्गुनात गेले, आणि मावशी अडून बसली. दावा तसाच उभा होता. शेवटी त्याने हरकत नोंदवली. उत्तर द्यायला कंपनीला तीस दिवस असतात. उत्तर आले नाही, आणि दावा आपोआप गळून पडला. यंदाच्या आरतीवर मात्र तोच दावा पुन्हा लागला आहे.