कचऱ्याचे वर्गीकरण आणि वेचणाऱ्याचे नाव

टाकून दिलेल्या वस्तूला मराठीत एकच एक नाव नाही. घरातून झाडून काढला जातो तो केर. रस्त्याकडेला साचतो तो कचरा. शेण, राख आणि पालापाचोळा जेथे मुरत राहतो तो उकिरडा. आणि वापरून झाले तरी ज्याचे मोल संपलेले नाही ते भंगार किंवा रद्दी. हे शब्द जितके वस्तूंचे आहेत, तितकेच त्या हाताळणाऱ्या माणसांचेही आहेत. घरगुती व व्यापारी कचऱ्याच्या संकलनाविषयी भारतातील नगरांनी गेल्या काही दशकांत जे नियम केले, त्यांनी या शब्दसृष्टीची नवी मांडणी केली आहे. हे नियम केवळ आरोग्यखात्याचा विषय मानले जातात. वस्तुतः कोणती वस्तू कोणाची, ती कोणी उचलावयाची आणि उचलणाऱ्यास काय म्हणावयाचे, या तीन प्रश्नांची उत्तरे त्यांत दडलेली आहेत.

बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, अशी म्हण आहे. टाकलेले कधी ना कधी खत होऊन शेतात परततेच, हा ग्रामीण अनुभव तिच्या मुळाशी आहे. महानगराने हे परतणे थांबविले. मुंबईत देवनार येथे १९२७ पासून कचरा टाकला जाऊ लागला आणि तेथे खताऐवजी डोंगर उभे राहिले. कायद्यानेही कचऱ्याकडे दीर्घकाळ हलविण्याजोगा पदार्थ म्हणूनच पाहिले. मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ च्या अधिनियमात रस्ते झाडणे, केर उचलणे व तो ठेवण्यासाठी जागा नेमणे ही पालिकेची कर्तव्ये सांगितली आहेत आणि अशा रीतीने गोळा झालेला केर ही पालिकेची मालमत्ता होय, असेही स्पष्ट केले आहे. घरमालकाने जे नाकारले, त्याला कायद्याने तत्काळ दुसरा मालक दिला. मध्ये वेचणारा जो कोणी असेल, त्याचा या वाक्यरचनेत उल्लेख नाही.

नियमांचे आधुनिक पर्व न्यायालयातून सुरू झाले. अलमित्रा पटेल यांनी १९९६ साली सर्वोच्च न्यायालयात केलेल्या जनहित याचिकेच्या ओघात नागरी घनकचऱ्याविषयीचे २००० चे नियम आले. त्यांची जागा २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी घेतली. या दुसऱ्या नियमावलीने प्रत्येक घरावर तीन प्रवाहांत कचरा वेगळा ठेवण्याचे बंधन घातले : जैवविघटनशील, अविघटनशील आणि घरगुती घातक. कचरा रस्त्यावर, नाल्यात वा पाण्यात टाकू नये, जाळू नये, आणि स्थानिक संस्था ठरवील ते शुल्क द्यावे, हेही तिने सांगितले. स्थानिक संस्थेने झोपडवस्त्यांसह घरोघर जाऊन कचरा गोळा करावा व त्यासाठी स्वतःचे उपविधी करावेत, अशी योजना होती. नियम देशाचा असला तरी त्याची वेळ, दर आणि दंड हे गावागणिक वेगळे का, याचे उत्तर या योजनेत आहे.

व्यापारी कचऱ्याची व्यवस्था याहून निराळी ठेवली गेली. दररोज सरासरी १०० किलोग्रॅमहून अधिक कचरा करणाऱ्या कार्यालये, उपाहारगृहे, बाजार आदींचा 'मोठ्या प्रमाणावर कचरा निर्माण करणारे' असा वेगळा वर्ग करण्यात आला. उपाहारगृहांनी व ५,००० चौरस मीटरहून मोठ्या संकुलांनी आपला ओला कचरा शक्य तोवर आपल्याच आवारात जिरवावा, फेरीवाल्याने गाडीजवळ भांडे ठेवावे, आणि शंभरांहून अधिक माणसे जमणाऱ्या समारंभाची सूचना किमान तीन कामकाजाचे दिवस आधी द्यावी, असे तपशील त्यात आहेत. यामागील तत्त्व एकच : ज्याने कचरा केला, त्याने त्याचा पहिला भार उचलावा.

हे तत्त्व घरात पोचले ते मात्र अनुवादित होऊन. जैवविघटनशील हा शब्द नियमातच राहिला. मराठी माणसाने ओला आणि सुका ही जोडी स्वीकारली. दोन्ही वर्गीकरणांचा पाया भिन्न आहे. नियम पदार्थाचा स्वभाव विचारतो, बोली हाताच्या स्पर्शाला विचारते. त्यामुळे सुकलेला पाला 'सुका' वाटतो आणि न धुतलेली दुधाची पिशवी 'ओली'. नियमाच्या दृष्टीने दोन्ही समजुती चुकीच्या ठरतात. ही चूक घरातल्या डब्यात क्षुल्लक असते. पण ती दुरुस्त करणारा हात दुसऱ्याचाच असतो.

वर्गीकरणाची कल्पना नियमकर्त्यांनी नव्याने शोधली, असा समज होण्याचा संभव आहे. १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या दया पवारांच्या 'बलुतं' या आत्मकथनात मुंबईच्या कावाखान्यातील स्त्रिया येतात. रस्त्यांवरून चिंध्या, कागद, काच, लोखंड वेचून आणावयाचे, त्याची निवड करावयाची आणि ते विकावयाचे, हा त्यांचा उद्योग. म्हणजे पुढे नियमाने स्वयंपाकघराकडून मागितलेले काम या स्त्रिया किमान दोन पिढ्या आधीपासून करीत होत्या. त्या उगमाशी नव्हत्या, शेवटाशी होत्या. आणि त्यांच्या कौशल्यास वर्गीकरण असे भारदस्त नाव मिळाले नव्हते.

पुण्यातील उदाहरण येथे विशेष बोलके आहे. तेथे १९९३ साली वेचकांची जी संघटना उभी राहिली, तिचे नाव 'कागद, काच, पत्रा कष्टकरी पंचायत'. या नावाचे पहिले तीन शब्द म्हणजे सुक्या कचऱ्याचे वर्गीकरणच होय. परंतु ते घाणीच्या अंगाने केलेले नसून मोलाच्या अंगाने केलेले आहे. चौथ्या शब्दाने वेचणाऱ्यास कष्टकरी म्हटले आणि तिची गणना हमाल व मजुरांच्या पंक्तीत केली. याच संघटनेतून पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली. तिने २००८ साली पुणे महानगरपालिकेशी करार करून घरोघरच्या संकलनाचे काम हाती घेतले. घरांनी द्यावयाचे शुल्क वेचकास थेट मिळावे आणि सुक्या मालाच्या विक्रीचे उत्पन्नही तिचेच असावे, ही या व्यवस्थेची दोन अंगे. कचरा ही कोणाची मालमत्ता, या १८८८ च्या प्रश्नाला दिलेले हे व्यवहारातील वेगळे उत्तर आहे.

२०१६ च्या नियमांनी कचरावेचकाची व्याख्या केली आणि तिच्या संघटनांना मान्यता देऊन संकलनात सामावून घेण्याचे कर्तव्य स्थानिक संस्थांवर टाकले. व्याख्येत येणे म्हणजे कायद्याच्या दृष्टीस पडणे. पण दृष्टीस पडल्याने ओझे हलके होतेच असे नाही. याच नियमांनी वापरलेले सॅनिटरी पॅड व लंगोट नीट गुंडाळून सुक्या कचऱ्यात टाकण्यास सांगितले होते. सुका कचरा म्हणजे जो हाताने निवडला जातो तो. कागदावर निर्दोष दिसणारी ही ओळ प्रत्यक्षात निवडणाऱ्या स्त्रीच्या हातावर येऊन पडत होती. डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मसुद्याने अशा कचऱ्याचा स्वतंत्र प्रवाह सुचविला, तो या दृष्टीने महत्त्वाचा.

मल्याळम् साहित्यातील एक संदर्भ येथे उपयुक्त ठरेल. तकळी शिवशंकर पिळ्ळै यांच्या 'तोट्टियुडे मकन्' (१९४७) या कादंबरीत आलप्पुळा नगरातील मैला वाहणाऱ्या कुटुंबाच्या तीन पिढ्या आहेत. बापाचे काम मुलाच्या वाट्यास येऊ नये ही तिच्यातील तळमळ. मैला आणि घनकचरा कायद्याने वेगळे केले आहेत, आणि मानवी हातांनी मैला उचलवून घेण्यास २०१३ च्या अधिनियमाने मनाई केली आहे. समाजाने मात्र दोन्ही कामे बहुशः त्याच जातींच्या माथी मारली. त्याच आलप्पुळा नगराने कचराक्षेपणभूमीच्या शेजारील ग्रामस्थांच्या विरोधानंतर २०१२ पासून ओला कचरा घरोघरी व वस्तीवस्तीत जिरविण्याचा मार्ग धरला. कादंबरीतील वाहणारा आणि नगराच्या योजनेतील आपला कचरा आपणच जिरविणारा गृहस्थ, या दोन प्रतिमा एकाच गावच्या आहेत.

दिवाळीत मराठी घर केरसुणीची लक्ष्मी म्हणून पूजा करते. झाडण्याच्या साधनास देवत्व देणाऱ्या संस्कृतीने झाडणाऱ्या माणसास दूर उभे केले, हा विरोध परिचित आहे. कचऱ्याचे नियम तो नाहीसा करू शकणार नाहीत. तथापि उंबरठ्याच्या आत, डबा भरतानाच, त्या दुसऱ्या हाताचा विचार करावयास ते भाग पाडतात. नियमावलीचे यश दंडाच्या पावत्यांवर मोजले जाते; ते निवडणाऱ्या हातास काय निवडावे लागले, यावर मोजणे अधिक न्याय्य होईल.