युद्धकाळाचा हिशेब, मुंबईच्या मतपेटीत

मुंबईच्या उत्तर भागातली ही गोष्ट. फेब्रुवारी 1962 मध्ये संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांनी इथे आचार्य कृपलानींना लाखाहून जास्त मतांनी पाडलं. ऑक्टोबरात चीनचा हल्ला झाला आणि महिन्याभरात मेनन यांचं मंत्रिपद गेलं. त्यांच्या जागी महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले.

1967 ला काँग्रेसने मेनन यांना तिकीटच दिलं नाही. ते ईशान्य मुंबईतून अपक्ष लढले, समोर काँग्रेसचे स. गो. बर्वे. बर्वे साधारण 13 हजार मतांनी जिंकले. लगेच त्यांचं निधन झालं. पोटनिवडणुकीत त्यांच्या भगिनी तारा सप्रे यांनीही मेनन यांना हरवलं.

मग हा निकाल युद्धाचा होता का? पूर्णपणे नाही. 1966 साली स्थापन झालेल्या शिवसेनेने मेनन 'बाहेरचे' असल्याचा मुद्दा तापवला होता. हिमालयातल्या पराभवाइतकाच तोही चालला असावा.

चव्हाणांच्या खात्यावर मात्र 1965 चं युद्ध जमा होतं. ते साताऱ्यातून निवडून आले. मेनन पुढे 1969 मध्ये मिदनापूरहून लोकसभेत परतले.