घरगुती बनावटीच्या हौशी रेडिओ प्रक्षेपकातील शक्तिमापन : दोषशोधनाची पद्धत

बीजसंज्ञा : हौशी रेडिओ, प्रक्षेपक, शक्तिमापन, कृत्रिम भार, दोषशोधन

प्रस्तावना

हौशी रेडिओ, म्हणजेच हॅम रेडिओ, या छंदात स्वतःच्या हाताने संच बांधण्याची परंपरा जुनी आहे. हैदराबाद येथील अशहर फरहान यांनी २००० च्या दशकाच्या आरंभी सिद्ध केलेला 'बिट्‌एक्स' हा संच याचे ठळक उदाहरण होय. बाजारात सहज मिळणारे सुटे भाग वापरून बांधता येणारा हा एकपट्ट प्रेषणाचा संच भारतातच नव्हे, तर परदेशांतही अनेकांनी बांधला. त्याच्या अखेरच्या टप्प्यात आयआरएफ ५१० हा स्वस्त मॉस्फेट वापरला जातो व त्यापासून काही वॅट शक्ती मिळते.

असा संच पूर्ण झाल्यावर बांधणाऱ्यासमोर पहिला प्रश्न उभा राहतो तो मापकावरील आकड्याचा. सात वॅट अपेक्षित असताना काटा दोन वॅटवरच थांबतो. अशा वेळी मॉस्फेटच्या गेटचा बायस वाढवण्याचा मोह होतो. बायस वाढतो, मॉस्फेट तापतो आणि जळतो. आकडा मात्र होता तेथेच राहतो. कारण दोष अनेकदा प्रक्षेपकात नसून मापनात असतो. म्हणून आधी मापकाची परीक्षा व मग प्रक्षेपकाची, हा क्रम का आवश्यक आहे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

मापनाचे तत्त्व

प्रक्षेपकाची चाचणी अँटेनावर न घेता ५० ओहमच्या कृत्रिम भारावर घ्यावी. त्यामुळे इतरांच्या संभाषणात व्यत्यय येत नाही आणि भाराचा रोध निश्चित राहतो. १ किलोओहमचे वीस कार्बन वा मेटल फिल्म रोध समांतर जोडल्यास ५० ओहमचा भार तयार होतो. तारेच्या वेटोळ्यांचे रोध येथे चालत नाहीत; उच्च वारंवारतेला ते वेटोळ्याप्रमाणेच वागतात.

भारावरील शिखर व्होल्टता डायोड व धारित्राच्या साहाय्याने मोजतात. शिखर व्होल्टतेच्या वर्गास रोधाच्या दुपटीने भागले की शक्ती मिळते. ५ वॅटला ही व्होल्टता सुमारे २२.४ व्होल्ट असते.

मापनसाखळीतील दोष

सिलिकॉन डायोड स्वतःवर सुमारे ०.६ व्होल्ट खर्च करतो. ५ वॅटला मल्टिमीटर २१.८ व्होल्ट दाखवतो आणि दुरुस्ती न करता केलेल्या गणितातून ४.७५ वॅट हे उत्तर येते. ही चूक किरकोळ आहे. परंतु ०.१ वॅटला शिखर व्होल्टताच ३.१६ व्होल्ट असल्याने तेच गणित ०.०६६ वॅट सांगते; एक तृतीयांश शक्ती हिशेबातून नाहीशी होते. प्राथमिक टप्पे तपासताना ही बाब विशेष लक्षात ठेवावी लागते.

महाविद्यालयीन प्रयोगशाळेतील ऑसिलोस्कोपलाही मर्यादा असते. २० मेगाहर्ट्झ क्षमतेचा ऑसिलोस्कोप २० मेगाहर्ट्झच्या तरंगाचा विस्तार मूळच्या सुमारे ७१ टक्केच दाखवतो. शक्ती विस्ताराच्या वर्गावर अवलंबून असल्याने उत्तर निम्म्यावर येते. ७ मेगाहर्ट्झला ही चूक पुष्कळच कमी असते. म्हणून 'संच खालच्या पट्ट्यावर चांगला, वरच्या पट्ट्यावर दुबळा' असा निष्कर्ष काढण्यापूर्वी मापकाची क्षमता पाहावी.

एकपट्ट प्रेषणात आणखी एक फसगत होते. या पद्धतीत वाहक तरंग दाबलेला असतो. बोलणे थांबले की शक्तीही थांबते. सरासरी दाखवणारा काटा बोलताना शिखर शक्तीच्या बराच खाली राहतो. समान विस्ताराचे दोन स्वर एकत्र दिले, तर सरासरी शक्ती शिखर शक्तीच्या निम्मी असते. म्हणून चाचणीसाठी मायक्रोफोनच्या जागी एकच स्थिर स्वर द्यावा.

उष्णतेची साक्ष

मापकाविषयी शंका असेल, तर त्यावर अवलंबून नसलेला पुरावा शोधावा. तो उष्णतेच्या रूपाने हाताशी असतो. ७ वॅट शक्ती एकदिश प्रवाहाची असो वा रेडिओ वारंवारतेची, भाराला ती सारखेच तापवते. भारास प्रथम १८.७ व्होल्ट एकदिश दाब द्यावा. प्रवाह सुमारे ०.३७ अँपिअर, म्हणजे शक्ती ७ वॅट होते. तीन मिनिटांनंतरचे तापमान नोंदवावे. भार पूर्ण निवल्यावर त्याच ठिकाणी, तेवढाच वेळ प्रक्षेपक जोडावा. तापमान तेवढेच वाढले, तर प्रक्षेपक ७ वॅट देत आहे, मग मापक काहीही सांगो.

दुसरी कसोटी ऊर्जा अक्षय्यतेची. समजा, अखेरचा टप्पा १२ व्होल्टवर १.२ अँपिअर घेतो. घेतलेली शक्ती १४.४ वॅट झाली. मापक २ वॅट दाखवत असेल, तर उरलेले १२.४ वॅट मॉस्फेटच्या उष्णताशोषकात किंवा गाळणीत दिसलेच पाहिजेत. शोषक कोमट आणि भार मात्र चटका देणारा असेल, तर दोष मापकाचा. उलट मापक १५ वॅट दाखवत असेल, तर ते अशक्यच आहे.

प्रक्षेपकातील दोष

वरील कसोट्यांनंतरही शक्ती कमीच ठरली, तरच संचाकडे वळावे. प्रथम पुरवठ्याचा दाब प्रत्यक्ष मॉस्फेटपाशी, पूर्ण शक्तीवर मोजावा. बारीक तारेमुळे तो १३.८ वरून ११.५ व्होल्टवर आला, तर शक्ती साधारणतः ७० टक्क्यांवर येते. त्यानंतर गाळणीतील वेटोळी पाहावीत. तारेवरील एनॅमल नीट खरवडले नसेल, तर डाख वरून चकचकीत दिसतो, पण जोड होत नाही. वलयाकार गाभ्यातून तार एकदा गेली की तो एक फेरा, ही मोजणीही अनेकदा चुकते. शेवटी स्वर बंद करून पाहावे. तरीही भारावर शक्ती उरत असेल, तर संच स्वतःच आंदोलित होत आहे. बायसला हात लावायचा तो या सर्वांनंतर, प्रवाहमापक जोडून.

समारोप

परवान्याने ठरवून दिलेली शक्तिमर्यादा पाळण्यासाठीही मापन विश्वासार्ह असावे लागते. परंतु अध्यापनाच्या दृष्टीने या प्रयोगाचे मोल अधिक आहे. मापकावरचा आकडा हीदेखील एका मंडलाचीच निष्पत्ती असते आणि तिची उलटतपासणी तापमापी व घड्याळ यांसारख्या साध्या साधनांनी करता येते, हे विद्यार्थ्यास येथे प्रत्यक्ष अनुभवता येते. पाठ्यपुस्तकातील ऊर्जा अक्षय्यतेचा नियम त्याच्या हातातला मॉस्फेट वाचवू शकतो.