पाण्याची परीक्षा

विहिरीचे ताजे पाणी ओंजळीत घेऊन पाहा. तळहातावरील रेषा त्यातून स्वच्छ दिसतात. गढूळपणा नाही, वास नाही, चवही गोड. असे पाणी पिण्यास योग्यच असणार, असे आपणांस वाटते. परंतु डोळ्यांनी व जिभेने केलेली ही परीक्षा पुरी पडत नाही.

पावसाचे पाणी जमिनीत मुरते, तेव्हा ते माती व खडक यांच्या फटींतून वाट काढीत खाली जाते. या प्रवासात खडकांतील क्षार त्यात विरघळतात. काही क्षार आपली खूण ठेवतात. कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार अधिक असले, की साबणाला फेस येत नाही, डाळ लवकर शिजत नाही आणि पाणी तापवण्याच्या भांड्यात पांढरी पुटे चढतात. अशा पाण्यास आपण जड पाणी म्हणतो. ते त्रास देते. पण निदान आपला दोष लपवीत नाही.

फ्लोराइडची गोष्ट निराळी. विहिरीच्या पाण्यात ते असले, तरी रंग, वास किंवा चव यांवरून ओळखू येत नाही. अल्प प्रमाणात ते दातांना हितकर असते. मात्र एक लिटर पाण्यात ते १.५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असू नये, असे भारतीय मानक सांगते. त्याहून अधिक फ्लोराइडचे पाणी वर्षानुवर्षे प्यायल्यास बालकांच्या घडत असलेल्या दातांवर कायमचे डाग पडतात. प्रमाण फारच असेल, तर पुढे हाडे व सांधे ताठरतात. वाकणेही कठीण होते. यवतमाळ व चंद्रपूर या जिल्ह्यांतील काही गावांनी हे दुःख सोसले आहे.

१९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रात गावोगाव विंधन विहिरी खोदल्या गेल्या. उघड्या विहिरींतील रोगजंतूंपासून त्यांनी लोकांना वाचवले. परंतु खोलवरचे पाणी खडकाच्या सहवासात दीर्घकाळ राहते. म्हणून काही ठिकाणी त्यात फ्लोराइड अधिक आढळले. एका हातपंपाचे पाणी योग्य आणि जवळच्याच दुसऱ्याचे अयोग्य, असेही घडते.

मग पाणी उकळून प्यावे काय? उकळल्याने जंतू मरतात. फ्लोराइड मात्र जात नाही. उलट पाणी आटते, तसे त्याचे प्रमाण वाढते. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने तुरटी व चुना वापरून फ्लोराइड काढण्याची रीत शोधली. आज तेलंगणात असलेल्या नलगोंड्याचे नाव तिला मिळाले. परंतु तुरटी व चुना किती घालावा, हे पाणी तपासल्यावाचून ठरत नाही.

म्हणून प्रयोगशाळेतील तपासणी हीच पाण्याची खरी परीक्षा होय. मुलांनो, तुमचे बहुतेक दात घडून झाले आहेत. तुमच्या धाकट्या भावंडांचे अजून घडत आहेत. आपल्या घरी येणारे पाणी शेवटी केव्हा तपासले आणि त्यात काय आढळले, हे ग्रामपंचायतीत जाऊन अवश्य विचारा.