पंचाहत्तर रुपयांची संसद

नव्या संसद भवनाचं उद्घाटन २८ मे २०२३ रोजी झालं, त्याच दिवशी ७५ रुपयांचं स्मारक नाणं प्रकाशित झालं. तळहातावर घेतलं की आधी जाणवतं ते वजन : ३५ ग्रॅम. व्यास ४४ मिलिमीटर, काठावर २०० दाते. एका बाजूला सिंहशीर्ष, दुसरीकडे संसद संकुल. निम्मी चांदी, ४० टक्के तांबं, बाकी निकेल आणि जस्त. दुसऱ्या महायुद्धात चांदी वाचवण्यासाठी रुपया याच मिश्रणाचा पाडत.

भिंगाखाली धरून मी ते दिव्याजवळ फिरवत राहिलो. उजेड समोरून पडला की इमारत सपाट. तिरपा पडला की एकेक कड उठून दिसते. राजाच्या चेहऱ्याला गाल असतात, नाक असतं. इमारतीच्या सरळ रेषांना उठाव द्यायचा तो मिलिमीटरच्या अंशात. त्यात ठसा चकतीवरून सरळ वर उचलला जातो, त्यामुळे आतून कोरलेली खाच चालतच नाही. खांबामागची मोकळी जागा केवळ सावलीनं सुचवायची.

टांकसाळीत कोरी चकती आधी भट्टीत तापवून मऊ करतात, मग धुऊन चकाकी आणतात. ती खालच्या-वरच्या पोलादी ठशांमध्ये येते, भोवती दातेरी कडं असतं. दाब पडला की धातू खाचांमध्ये शिरतो आणि दोन्ही बाजू व काठ एकदमच उमटतात. संग्राहकांच्या ‘प्रूफ’ नाण्यावर हा दाब एकाहून अधिक वेळा देतात. त्याची पार्श्वभूमी आरशासारखी असते. बोट लागलं तरी डाग राहतो.

इथेच मन अडखळतं. नाणं वाजवून घ्यावं, ही आपली जुनी रीत. हे कोण वाजवणार? यातल्या साडेसतरा ग्रॅम चांदीचीच किंमत ७५ रुपयांच्या कितीतरी वर, म्हणून ते डबीतून बाहेर येत नाही. संसदेच्या साठ वर्षांनिमित्त २०१२मध्ये ५ रुपयांचं नाणं निघालं होतं. त्यावरची जुनी, गोल संसद भाजीवाल्याच्या गल्ल्यात आणि कंडक्टरच्या पिशवीत फिरून झिजली. कारागिरी ७५च्या नाण्यात जास्त आहे, हे मान्य. पण लोकांचं सभागृह नाण्यावर आणायचं, तर मी ते पाच रुपयांवरच आणीन.