अंड्याचे कवच आणि ओला मका

ट्रेमध्ये तडकलेली, पिचलेली अंडी वाढू लागली की पोल्ट्रीवाल्याचा हात आधी शिंपल्याच्या पोत्याकडे जातो. कवच जवळजवळ 95 टक्के कॅल्शियम कार्बोनेटचे असते, तेव्हा कॅल्शियम वाढवावे, हा विचार स्वाभाविकच. पण पुष्कळदा दुखणे दुसरीकडे असते. एका कवचात सुमारे 2 ग्रॅम कॅल्शियम लागते. रोजच्या 110 ग्रॅम खाद्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असेल, तर कोंबडीच्या पोटात त्याच्या जवळपास दुप्पट जाते. ते आतड्यातून रक्तात उतरते का, हा खरा प्रश्न. त्यासाठी ड जीवनसत्त्व हवे, आणि तेही खाद्यातून येते तसेच उपयोगी पडत नाही. त्यावर आधी यकृतात आणि मग मूत्रपिंडात प्रक्रिया व्हावी लागते. खाद्यातल्या ओल्या मक्यावर वाढणाऱ्या बुरशीची विषे घाला घालतात ते नेमक्या याच दोन अवयवांवर. अफ्लाटॉक्सिन यकृत निकामी करत जाते, पित्त कमी पडते आणि चरबीत विरघळणारे ड जीवनसत्त्व नीट शोषलेही जात नाही. ऑक्राटॉक्सिन मूत्रपिंड बिघडवते. अशा कोंबडीला वरून घातलेला शिंपला बराचसा विष्ठेतूनच निघून जातो.

कवच तर उन्हाळ्यातही पातळ होते, असे कोणी म्हणेल, आणि ते खरेच आहे. धापा टाकणारी कोंबडी कार्बन डायऑक्साइड गमावते, त्यामुळे कवचाला कार्बोनेट कमी पडते. वय वाढले की अंडे मोठे होते आणि तेवढेच कॅल्शियम जास्त जागेवर पसरते. उलट, अफ्लाटॉक्सिनच्या सगळ्याच प्रयोगांत कवचाची जाडी घटलेली दिसत नाही. कधी आधी अंड्यांची संख्या आणि वजन घसरते, आणि लहान अंड्याचे कवच काही काळ तग धरते. म्हणून नुसत्या कवचावरून निदान करू नये. पण नवा मका सुरू झाल्यावर उत्पादन घसरले, मेलेल्या पक्ष्याचे यकृत फिकट पिवळे आणि ठिसूळ निघाले, तर दोष उन्हावर ढकलता येत नाही.

मग खाद्यातले विष धरून ठेवण्यासाठी मिसळतात ते टॉक्सिन बाइंडर कशासाठी, असाही प्रश्न येतो. बेंटोनाइटसारखी माती अफ्लाटॉक्सिन चांगले धरून ठेवते, मात्र टी-2 हे बुरशीचे आणखी एक विष किंवा ऑक्राटॉक्सिन यांच्यापुढे ती फारशी चालत नाही. प्रोपिओनिक आम्ल बुरशी रोखते, आधीच तयार झालेले विष नाही. खाद्याच्या गोळ्या बनवताना, म्हणजे पेलेटिंगमध्ये, लागणाऱ्या उष्णतेलाही अफ्लाटॉक्सिन दाद देत नाही. त्यामुळे खरा उपाय मका गोदामात जाण्याआधीच करावा लागतो. अवकाळी पावसात भिजलेला मका काय करू शकतो, हे 1974 मध्ये बांसवाडा आणि पंचमहालच्या गावांनी तो खाल्लेल्या माणसांच्या मृत्यूंतून पाहिले आहे. आपल्याकडेही खरिपाचा मका काढणीला येतो तेव्हा परतीचा पाऊस अनेकदा डोक्यावर असतो. ओलावा 13 टक्क्यांच्या आसपास आणल्याशिवाय मका थप्पीला लावू नये, आणि त्यासाठी वाळवणाऱ्या शेतकऱ्याला पोल्ट्रीने दोन पैसे जास्त द्यावेत. विष पोत्यापोत्यांत सारखे पसरलेले नसते, कुठेतरी गठ्ठ्याने साचते. तेव्हा तपासणीचा नमुना एका मुठीचा नको, गाडीच्या वर, मध्ये, तळाशी अशा अनेक जागांचा एकत्र दळलेला हवा.