पृष्ठफळ : आधी खोके उलगडा, मग सूत्र सांगा

पिंपरी-चिंचवड, भोसरी आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात पृष्ठफळाचा हिशेब रोज मांडला जातो. पत्र्याच्या भागावर पावडर कोटिंग करायचे असो वा सुट्या भागांसाठी पुठ्ठ्याची खोकी बनवायची असोत, किती पृष्ठभाग व्यापायचा यावर खर्च बराचसा अवलंबून असतो. याच परिसरातील अनेक मुले मात्र सातवी-आठवीत पृष्ठफळाचे सूत्र पाठ करतात आणि परीक्षेत घनफळाचे लिहून येतात. दोष त्यांच्या बुद्धीचा नाही. वस्तू हाती येण्याआधीच सूत्र फळ्यावर येते, हे त्याचे एक महत्त्वाचे कारण होय.

यावर उपाय सोपा आहे. प्रत्येक विद्यार्थ्याला टूथपेस्टचे वा साबणाचे रिकामे खोके आणावयास सांगावे. ते बाहेरून झाकण्यास किती कागद लागेल, याचा प्रथम अंदाज घ्यावा. मग खोके कडांवर कापून सपाट पसरावे आणि समोरासमोरील पृष्ठे एकाच रंगाने रंगवावीत. सहा आयत, तीन जोड्या. सूत्र मुलेच सांगतील. डब्यावरील कागदी वेष्टन उभे कापून उलगडले, तर तोही आयतच निघतो : एक बाजू डब्याची उंची, दुसरी त्याचा परीघ. वृत्तचितीच्या वक्रपृष्ठफळाचे सूत्र येथूनच येते.

उलगडलेल्या खोक्यात दुमडीचे जादा भागही दिसतात. ते दडवू नयेत. तेच पुढचे गणित आहे. ४० सेंमी लांब, ३० सेंमी रुंद व २० सेंमी उंच खोक्याचे एकूण पृष्ठफळ ५,२०० चौरस सेंमी भरते. परंतु माल भरण्याच्या नेहमीच्या पुठ्ठ्याच्या खोक्यासाठी १४० सेंमी बाय ५० सेंमी, म्हणजे ७,००० चौरस सेंमी पुठ्ठा लागतो. चिकटपट्टीचा भाग वेगळाच. वरच्या १,८०० चौरस सेंमीमधून वर व खाली आत दुमडली जाणारी झाकणे होतात. हा फरक मुलांना शोधू द्यावा.

घनफळाशी होणारा गोंधळ दूर करण्यासाठी १ सेंमीचे १२ ठोकळे पुरेत. एका ओळीत मांडल्यास पृष्ठफळ ५० चौरस सेंमी, तर २×२×३ अशा रचनेत ३२ चौरस सेंमी. घनफळ दोन्हीकडे १२ घन सेंमीच! हवेने थंड होणाऱ्या दुचाकीच्या इंजिनाभोवती धातूच्या पातळ पट्ट्या का असतात, हे विचारण्याची हीच वेळ. पृष्ठभाग वाढला की उष्णता हवेत लवकर जाते.

शेवटी गृहपाठ एकच द्यावा : घरातील किंवा शेजारची जी व्यक्ती कारखान्यात काम करते, तिला विचारावे, 'तुमच्या कामात पृष्ठभाग कुठे मोजावा लागतो?' त्या उत्तरांतून पुढच्या तासाची उदाहरणे तयार होतील.